शेठना किती गेम द्यावेत?

ऐरोलीचे एक वाचक, वय 31. महापेला नोकरी, लग्नाला तीन वर्षं झालेली. घोडबंदर रोडला घर घ्यायचं म्हणून नवरा-बायको दोघंही पैसे साठवतायत. कॉलेजपासून पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाचं वेड. ठाण्यातल्या एका पार्लरमध्ये आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी ते नाइन-बॉल हा पूलचा प्रकार खेळतात. तिथे कळंबोलीला ट्रान्सपोर्टचा धंदा असलेल्या, पन्नाशीतल्या एका शेठशी त्यांची जोडी जमली. आधी पैज फक्त टेबलाच्या भाड्याची होती, हरेल त्यानं टेबल द्यायचं. दिवाळीनंतर शेठनी सामन्याला 25,000 रुपये लावायची गोष्ट काढली. शेठ स्वतःला कच्चे म्हणवतात, म्हणून रेस टू नाइनमध्ये (आधी नऊ गेम घेईल तो सामना जिंकतो) त्यांना दोन गेम सूट, म्हणजे हँडिकॅप, द्यायचे ठरलं. म्हणजे यांनी नऊ घ्यायचे, शेठनी सात. असे पाच सामने झाले. त्यांत चार हरले, एक जिंकला. 75,000 रुपये गेले आणि त्यांतले 60,000 दोघं मिळून भरत असलेली आवर्त ठेव मोडून दिले. बायकोला हे माहीत नाही.

आता एका मित्रानं तोड काढली आहे. तीन लाखांचा एकच सामना लावायचा, पैसे मित्राचे. हरले तर नुकसान मित्राचं, जिंकले तर नफा निम्मा-निम्मा. त्याआधी मात्र दहा-दहा हजारांचे आणखी दोन सामने मुद्दाम हरायचे, म्हणजे "आता तरी लेव्हल खेळा", सूट न घेता, असं शेठना तोंड वर करून सांगता येईल. वाचक लिहितात: "दोन गेम देणं मला महागात पडलं. पैशांशिवाय आम्ही खेळलो तेव्हाची वही माझ्याकडे आहे, 50 गेमपैकी 30 माझे आहेत. बरोबर हँडिकॅप किती असायला हवा? आणि दोन सामने सोडणं म्हणजे फसवणूक का? पत्त्यांत हुलकावणी देतातच की."

——

नमस्कार.

तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर आकड्यांत देता येतं, म्हणून तो आधी घेते. माझा भाचा स्नूकर खेळायचा आणि त्याला सोबत म्हणून मी पार्लरच्या बाकावर बऱ्याच संध्याकाळी काढल्या आहेत. टेबलावरच्या खेळाइतकीच बाजूची बोलणी मला तिथे ऐकू यायची. "दोन देतो", "तीन घेतो", "आठचा बॉलपण चालेल". त्यामुळे तुमचं पत्र मला परकं वाटलं नाही.

तुमची वही खरी धरू. 50 पैकी 30, म्हणजे दहातले सहा गेम तुमचे. एवढ्या फरकानं दोघं काहीही सूट न देता रेस टू नाइन खेळले, तर शंभरातले साधारण 80 सामने तुम्ही जिंकाल. एकेका गेममधला छोटा फरक लांब सामन्यात असा फुगतो. शेठना दोन गेम दिलेत तर तुमचे सामने 80 वरून 61 वर येतात. तीन दिलेत तर 49. तेव्हा तुमच्याच वहीप्रमाणे बरोबरीचा हँडिकॅप तीन गेमचा आहे.

आता तुमचं वाक्य परत वाचा: "दोन गेम देणं मला महागात पडलं." वही खरी असेल तर दोन गेम देऊनही पारडं तुमच्याच बाजूला झुकलेलं होतं. मग हरलात ते हँडिकॅपमुळे, हे गृहीतक टिकत नाही. आणि "लेव्हल खेळा" म्हणणं ही बरोबरीची मागणी उरत नाही, ती शंभरातले ऐंशी सामने मागण्यासारखी आहे.

इथे मी पाच मिनिटं कागद-पेन घेऊन बसले. शंभरातले 61 सामने जिंकणारा माणूस पाचातला एकच किंवा एकही सामना जिंकत नाही, असं शंभरात आठेक वेळाच होतं. अशक्य नाही, पण विरळ. आता समजा गेममागे तुमचा वाटा 60 टक्क्यांचा नसून 55 चा आहे. लगेच चित्र फिरतं. दोन गेम देऊन तुम्ही शंभरातले 45 सामनेच जिंकता, आणि पाचात एक किंवा त्याहून कमी हा निकाल चारातून एकदा लागतो, म्हणजे अगदी नेहमीचा. पैशाच्या टेबलावर तुम्ही 60 चे खेळाडू नाही आहात, अशी शंका घ्यायला हे पुरेसं आहे.

वहीचाही भरवसा फार धरू नका. 50 गेम खूप वाटतात, पण 50 गेमांत 30 जिंकणाऱ्याचा खरा आकडा 46 ते 74 टक्क्यांत कुठेही असू शकतो. शंभर गेम लिहून ठेवलेत तरी दहा टक्के इकडेतिकडे होतात. तुम्ही ज्या दोन गेमांसाठी तीन लाखांचा बेत आखताय, ते दोन गेम तुमच्या वहीच्या अचूकतेत बसतच नाहीत.

उदाहरण देते. 1996 मध्ये हाँगकाँगला फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस आणि अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड यांची नाइन-बॉलची लढत झाली. दोघंही त्या काळातले सर्वोत्तम. रेस 120 गेमची होती, तीन दिवस चालली आणि जिंकणाऱ्याला 1 लाख डॉलर मिळणार होते. स्ट्रिकलंड एका टप्प्यावर 17 गेमनी पुढे होता. शेवटी रेयेस 120-117 असा जिंकला. 237 गेम खेळूनही दोघांत तीनच गेमचा फरक निघाला. तुम्ही नऊच्या रेसमध्ये घरचे पैसे घालून कोण किती पक्का हे शोधायला बसला आहात.

मग वहीत 60 आणि पैशात त्याहून कमी, असं का झालं असावं? मला दोन शक्यता दिसतात. एक, पैसे लागले की तुमचा हात आखडतो. ठेव मोडून आणलेली नोट खिशात असताना शेवटचे दोन बॉल तसे राहत नाहीत, जसे ते चहाच्या पैजेत असतात. क्यू बॉल थोडा जास्त पळतो, सोपा कट जाड लागतो. अशा वेळी टेबल दोघांना सारखं नसतं. 25,000 रुपये शेठच्या धंद्यात एखाद्या गाडीच्या टायरांत जात असतील. तुमच्या घरात ती घराच्या पहिल्या हप्त्याची रक्कम आहे. हा हँडिकॅप कुणी मोजलाच नाही आणि तो तुम्ही शेठना फुकट दिलात.

दुसरी शक्यता तुम्हाला आवडणार नाही. टेबलाच्या भाड्यासाठी खेळताना शेठना पूर्ण ताकदीनं खेळायचं काही कारण नव्हतं. ते 50 गेम त्यांनी हातचं राखून खेळले असतील. तसं केलंच, असं मी म्हणत नाही, त्यांना मी ओळखत नाही. पण तुमचा मित्र तुम्हाला आज जे करायला सांगतोय, ते शेठनी तुमच्याआधीच केलं नसेल कशावरून? मला वाटतं हा विचार तुमच्याही मनात येऊन गेला असावा, कारण फसवणुकीबद्दलचा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारलात.

हँडिकॅपबद्दल माझं जे म्हणणं आहे ते इथून सुरू होतं. हँडिकॅप प्रामाणिक असेल तर सामना नाणेफेकीजवळ येतो, तो लावतातच त्यासाठी. आणि नाणेफेकीवर तीन लाख लावणारा माणूस कौशल्याचा खेळ खेळतोय असं म्हणता येत नाही, कारण कौशल्यातला फरक त्यानं सूट देऊन आधीच पुसून टाकलाय. उलट सामना नक्की जिंकणारा वाटत असेल, तर हँडिकॅप ठरवताना दोघांतल्या एकाला काहीतरी माहीत नव्हतं. तुम्हाला सामना न्याय्य हवाय आणि जिंकण्याची खात्रीही हवीय. या दोन गोष्टी एका टेबलावर मावत नाहीत. मोठ्या पैशाच्या सामन्यात खरा खेळ बोलणीच्या वेळी होऊन जातो, क्यूला खडू नंतर लागतो.

म्हणून कोणती सूट मागितली जातेय याकडेही नीट बघावं. नाइन-बॉलमध्ये टेबलावरच्या सर्वांत लहान नंबराच्या बॉलला आधी स्पर्श करावा लागतो आणि नऊचा बॉल घालणारा गेम घेतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात गेम देता येतात, सगळे ब्रेक देता येतात, किंवा "तुम्हाला आठचा बॉल घातला तरी गेम" असं देता येतं. तिन्हींची किंमत माणसागणिक बदलते. ज्याला सलग चार बॉल घालता येत नाहीत त्याला आठच्या बॉलची सूट फारशी उपयोगाची नाही, तो तिथपर्यंत पोचतच नाही. जो टेबल साफ करू शकतो त्याला मात्र ती सोन्यासारखी. ब्रेकचंही तसंच आहे, ब्रेकनंतर टेबल हातात ठेवता आलं तरच त्याचा उपयोग. तेव्हा स्वतःला कच्चा म्हणवणारा माणूस आठचा बॉल मागू लागला, तर त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या मागणीवर विश्वास ठेवा. पैशांत सूट देण्याचीही एक रीत आहे: दहात सहा जिंकणाऱ्यानं तीन रुपये लावावेत, समोरच्यानं दोन. ही एका गेमपुरती हिशेबाला सरळ आहे, पण पैज लावणाऱ्यांना ती सहसा रुचत नाही, कारण त्यात कोण सरस आहे हे तोंडानं कबूल करावं लागतं.

हँडिकॅप हा शब्दच बघा. इंग्रजीतल्या "हँड इन कॅप" या जुन्या देवाणघेवाणीच्या खेळातून तो आला. दोघांना आपापल्या वस्तू बदलायच्या असत आणि कमी किमतीची वस्तू असणाऱ्यानं वर किती द्यायचं ते तिसरा, तटस्थ माणूस ठरवी. तिघंही टोपीत थोडे पैसे ठेवत. पुढे हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. आजही महालक्ष्मीला हँडिकॅप शर्यतीत कुठल्या घोड्यावर किती वजन हे क्लबचा हँडिकॅपर ठरवतो, घोड्याचा मालक नाही. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांची जोडही पंच लावतात. पैलवान आखाड्यात उतरून "मला हा दे, तो नको" असा भाव करत बसत नाही. तुमच्या सामन्यात हा तिसरा माणूसच नव्हता. तुम्ही, शेठ आणि बाकावर बसून आपापल्या पैजा लावणारे प्रेक्षक. त्यांतला प्रत्येक जण कुणाच्या तरी बाजूचा.

"पूल" या शब्दाचीही गंमत आहे. पूल म्हणजे सगळ्यांनी मिळून लावलेली रक्कम. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांवर पैसे लावायच्या जागांना पूलरूम म्हणत, आणि दोन शर्यतींच्या मधल्या वेळात लोकांना बसवून ठेवायला तिथे बिलियर्ड्सची टेबलं मांडली गेली. खेळाला नाव तिथून चिकटलं. पैज या खेळाच्या अंगातच आहे असं कुणी म्हणालं तर ते खोटं नाही. पण मुळात टेबल होतं ते लोकांना पैजेपाशी थांबवायला, हेही त्यासोबत लक्षात असू द्या.

आता मित्राच्या योजनेकडे येऊ. पत्त्यांतल्या हुलकावणीशी तुम्ही तुलना केलीत, ती मला पटत नाही. पत्त्यांत समोरच्याला पक्कं माहीत असतं की तुमचे पत्ते झाकलेले आहेत, आणि तेवढंच धरून तो पैसे लावतो. हँडिकॅपमध्ये समोरचा माणूस तुमचा उघडा खेळ बघून सूट मान्य करतो. तो खेळच खोटा केलात तर त्याच्यासमोर खरं असं काहीच उरत नाही. तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं तर हो, ती फसवणूक आहे. शेठनीही तसं केलं असलं तरी तुमच्या बाजूनं ती फसवणूकच राहते.

पण मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. तुम्ही मुद्दाम हरू शकता, हे त्या दोन सामन्यांनंतर जगात एका माणसाला पक्कं ठाऊक होईल, तुमच्या मित्राला. पुढे तीन लाखांच्या सामन्यात तुम्ही जीव तोडून खेळलात आणि 8-8 वर शेवटचा नऊचा बॉल पॉकेटच्या ओठावर थरथरून बाहेर राहिला, तर तो काय समजेल? शेठशी तुमचं संगनमत होतं, हाच विचार त्याच्या मनात आधी येईल. त्याला खोटं ठरवायला तुमच्याकडे काहीच नसेल. आणि आकडे सांगतात की लेव्हल खेळूनही, वही शंभर टक्के खरी धरूनही, पाचात एकदा तुम्ही हरणारच. पाचात एक म्हणजे फार लांबची गोष्ट नाही.

"हरलो तर नुकसान त्याचं" हे कागदाशिवायच्या जगात किती दिवस टिकतं, तेही बघा. तीन लाख गमावलेला मित्र महिन्याभरात "थोडेतरी दे" म्हणत येतो. शिवाय त्यानं बाजूला आणखी कुणाशी, कुठल्या बाजूनं पैज लावली आहे हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. खेळणाऱ्याच्या मागे दुसऱ्याचा पैसा आला की खेळणारा शर्यतीचा घोडा होतो. लगाम मागच्याच्या हातात जातो, कधी थांबायचं तेही तोच ठरवतो.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण "पूल कौशल्याचा खेळ, त्याला जुगार लागू नाही" हे वाक्य मी पार्लरमध्ये अनेकदा ऐकलं आहे. आपल्या राज्यात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो आणि त्याच्या कलम 13 मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, हे खरं. पण बाकावर बसून दुसऱ्याच्या सामन्यावर पैसे लावणाऱ्याचं कौशल्य कुठलं, आणि पार्लरवाल्यानं पैजेतला हिस्सा घेतला तर ती जागा काय ठरेल, हे प्रश्न ती सूट सोडवत नाही. पैशाच्या वसुलीबद्दल कायदा जास्त स्पष्ट आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 म्हणतं की पैजेचा करार शून्य, जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. जुन्या मुंबई प्रांतासाठी 1865 मध्ये झालेला कायदा त्याच्याही पुढे जातो: पैजेला मदत म्हणून केलेले जोडकरार, पैजेसाठीचं तारण आणि हमीसुद्धा शून्य. सर्वोच्च न्यायालयानं 1959 च्या एका निकालात हा फरक तपशिलानं मांडला आहे. तुमच्यापुरता अर्थ इतकाच की शेठनी तीन लाख दिले नाहीत, किंवा मित्रानं नफ्यातलं निम्मं दिलं नाही, तर तुमच्यामागे कुणी उभं राहणार नाही. वसुली मग तोंडी होते, आणि तोंडी वसुली कशी होते हे ठाण्या-नवी मुंबईत राहणाऱ्याला मी सांगायला नको.

माझ्या थोरल्या भावाची आठवण सांगते. आम्ही नौपाड्यातल्या चाळीत राहायचो. दादाचा कॅरममधला हात असा होता की गणपतीतल्या स्पर्धेत लोक त्याचा बोर्ड बघायला जिन्यात उभे राहायचे. त्याच्याशी कुणी पैशानं खेळेना, म्हणून तो 25 च्या गेममध्ये दहा पॉइंट द्यायला लागला. मग बारा. कुणी घेईना तसे आणखी. त्याला वाटायचं की जेवढे जास्त देतो तेवढा मी मोठा. एका पावसाळ्यात त्याचा बोनस आणि आईनं त्याच्याकडे ठेवायला दिलेले पैसे त्यात गेले. पैसे पुढे दोन वर्षांत भरून निघाले. पण त्यानंतर दादानं स्ट्रायकरला हात लावला नाही. घरात मुलं खेळायला बसली की तो उठून गॅलरीत जायचा. मला अजून वाईट वाटतं ते त्या हाताचं. तुमचं पत्र वाचताना मला तो गॅलरीत उभा दिसत होता, म्हणून इतकं लांब लिहितेय.

तर आता काय करायचं? मित्राला आजच नाही सांगा, आणि कारण थोडक्यात सांगा: "मुद्दाम हरणार नाही आणि दुसऱ्याच्या पैशावर खेळणार नाही." वाद घालू नका, आकडे समजावत बसू नका. आकडे काढले की तो दुसरे आकडे काढेल.

शेठशी खेळणं सोडायलाच हवं असं मला वाटत नाही. एवढ्या तोडीचा जोडीदार रोज मिळत नाही. पण पैज परत टेबलाच्या भाड्यावर आणा. शेठ त्याला तयार झाले तर त्यांना खेळात रस आहे, नाही झाले तर त्यांना कशात रस होता ते तुम्हाला कळेल. हँडिकॅप पार्लरच्या मार्करला ठरवू द्या. वर्षानुवर्षं सगळ्यांचे फाउल आणि फ्रेम मोजणारा तो माणूस तुम्हा दोघांना तुमच्यापेक्षा चांगला ओळखतो, फक्त त्याच्या हातात कुणाचीही पैज नको. एक साधा नियमही घाला: सामना जिंकणारा पुढच्या वेळी एक गेम जास्त देईल, हरणारा एक गेम कमी. मग भाव करायला जागा राहत नाही, आणि मुद्दाम हरून मिळवलेला एक गेम पुढच्याच विजयात परत जातो. जगभर हीच दिशा आहे. फार्गोरेट नावाच्या पद्धतीत खेळाडूंना गुण दिलेले असतात आणि दोघांत 100 गुणांचा फरक म्हणजे वरच्यानं दुसऱ्याच्या दुप्पट गेम जिंकावेत, असा हिशेब असतो. तुमच्या 60-40 चा फरक तिथे साठेक गुणांचा होईल. ते गुण शेकडो गेमांच्या निकालांतून निघतात, खेळाडूच्या शब्दावर नाही.

आणि मोठ्या सामन्याचीच भूक असेल, छातीत ती धडधड हवी असेल, तर ती मला कळते. त्यासाठी स्पर्धा आहेत. बिलियर्ड्स अँड स्नूकर असोसिएशन ऑफ महाराष्ट्र राज्याच्या स्पर्धा घेते, त्यांत पूलही असतो, आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत वाट आहे. प्रवेश फी भरलीत की तुमचं जास्तीत जास्त किती जाणार हे पहिल्या ब्रेकच्या आधीच ठरलेलं असतं, आणि समोर असा माणूस असतो ज्याला हरण्यात काही फायदा नाही. विल्सन जोन्स 1958 मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. ते पुण्यात जन्मले होते. या हिरव्या टेबलाशी आपल्याकडच्या माणसांचं नातं पैजेपलीकडचंही आहे.

कॅरम, रमी, रात्रीच्या टर्फवरचं पैसे लावून खेळलेलं क्रिकेट, अशा कशातही जे वाचक याच वळणावर असतील त्यांना एक खूण सांगते. "एकच मोठा सामना आणि मग बंद" हे वाक्य मनात आलं, किंवा घरी सांगितलेला आकडा आणि खरा आकडा वेगळे झाले, तर पुढचा सामना रद्द करायची वेळ आली आहे. हरलेलं परत मिळवायला खेळणारा माणूस ज्या सामन्याला नाही म्हणायला हवं त्यालाच हो म्हणतो. प्रयत्न करूनही थांबता येत नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथे फोन करायला वेडं असावं लागत नाही.

सर्वांत अवघड काम शेवटी लिहितेय, पण करायला ते आधी घ्या. बायकोला सांगा. गेलेली रक्कम 75,000 आहे, तीन लाखांच्या सामन्यानंतर सांगाल तेव्हा ती काहीही असू शकेल. रविवारी दुपारी, दोघांचे फोन बाजूला ठेवून, आधी आकडा सांगा: एवढे गेले, त्यातले 60,000 आपल्या ठेवीतले. शेठ, हँडिकॅप, मित्राची योजना हे सगळं त्यानंतर. आधी कारणं सांगितलीत तर ती आकड्याची वाट बघत बसेल आणि एकही कारण तिच्या कानात शिरणार नाही. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. त्या दोन दिवसांत पार्लरला जाऊ नका. पगारातून महिन्याला 5,000 बाजूला टाकलेत तर ठेवीतले पैसे वर्षभरात भरून निघतात. तो कागद आधी तयार करून तिच्यापुढे ठेवा. वहीसुद्धा दाखवा, 30 आणि 20 वाली. तुम्हाला हा खेळ येतो हे तिनं तुमच्याकडून इतक्या वर्षांत कधी नीट ऐकलं नसेल.